बाबांचा पाय गुडघ्याखालून काढायचा की मांडीतून? गुरुवारपर्यंत ठरवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार. बाबा ६४ वर्षांचे, वीस वर्षांचा मधुमेह. अंगठ्यापासून सुरू झालेलं गँगरीन घोट्यापर्यंत आलंय. पाय जाणार हे आम्ही स्वीकारलंय. अडलंय ते कुठून काढायचा यावर.

सर्जन म्हणतात, पोटरीचा रक्तपुरवठा काठावरचा आहे. गुडघ्याखालून काढला तर जखम न भरण्याची आणि परत टेबलावर घ्यावं लागण्याची भीती आहे. मांडीतून काढला तर जखम भरण्याची शक्यता बरीच जास्त. निर्णय आमच्यावर सोडलाय.

फिजिओ मात्र म्हणतात, काहीही करून गुडघा वाचवा. गुडघा स्वतःचा असला की कृत्रिम पायाने चालायला नेहमीच्या चालण्यापेक्षा साधारण पाव पटच ताकद जास्त लागते. मांडीतून गेला तर निम्म्याहून जास्त, आणि रक्तवाहिन्या खराब असतील तर त्याहूनही. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यामुळे हा हिशोब डोक्यातून जात नाही.

आम्ही शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दिवाळीपर्यंत बाबा रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायचे. काल म्हणाले, "पर्वती राहू दे, संडासापर्यंत माझं मला जाता आलं पाहिजे." आई उठून बाहेर गेली.

असा काठावरचा रक्तपुरवठा असताना गुडघ्याखालची जखम कुणाच्या घरी भरलीय का? साठीनंतर मांडीतून पाय गेलेलं कुणी कृत्रिम पाय खरंच रोज वापरतं का, की शेवटी वॉकर आणि व्हीलचेअरच? वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला ऑपरेशनआधीच जाऊन विचारता येतं का?

प्रतिसाद:
ताई, माझ्या सासऱ्यांचा ६७व्या वर्षी गुडघ्याखालून काढला. जखमेला तीन महिने लागले, पण भरली. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे डॉपलर तपासणीत पायातल्या रक्ताचा दाब खऱ्यापेक्षा जास्त, फसवा येऊ शकतो. पोटरीच्या कातडीतला ऑक्सिजन मोजतात, ती चाचणी होईल का ते सर्जनना विचारा. आणि नंतर गुडघ्याखाली उशी अजिबात ठेवू नका. पेशंटला बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि कृत्रिम पायावर धड उभं राहता येत नाही. आमच्याकडे हीच चूक झाली, दीड महिना तो सरळ करण्यात गेला. दुसऱ्या पायाचा तळवा रोज बघत जा, आता सगळा भार त्याच्यावर येणार.

धागाकर्ती:
खूप आभार. उशी आत्ताच काढली. ऑक्सिजनच्या चाचणीचं संध्याकाळच्या राउंडला विचारते. मांडीतून पाय गेलेलं कुणी घरात असेल तर कृपया लिहा, बुधवारी रात्रीपर्यंत बघत राहीन.