बाससाठीची रबरी आमिषे आणि गळ आपल्या खाडीतल्या जिताड्याला चालतील का?

खाजणकाठ (बोरिवली) :

नमस्कार. लहानपणी आजोळी धरमतरच्या खाडीत मामांबरोबर तंगुसाला गळ बांधून आणि जिवंत कोळंबी लावून मी जिताडे धरले आहेत, त्यामुळे या विषयात अगदीच कोरा नाही. मात्र रॉड आणि रीळ घेऊन कृत्रिम आमिषाने मासा धरण्याचा माझा अनुभव गेल्या दिवाळीपासूनचाच आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आतेभावाने सुट्टीवर येताना बास या तिकडच्या माशासाठीची त्याची जुनी मासेमारीची पेटी मला आणून दिली. साडेसहा फुटी मध्यम ताकदीचा रॉड, लहान रीळ, त्यावर दहा पौंडी (दहा पौंडांची ओढ सोसणारी) नायलॉनची दोरी, रबरी गांडुळांच्या तीन पिशव्या, बंदुकीच्या गोळीच्या आकाराची शिशाची वजने, मानेपाशी दुमडलेले ऑफसेट गळ, पुढे ओठ असलेले दोन प्लास्टिकचे मासे, एक स्पिनरबेट (चकाकत्या फिरत्या पात्याचे आमिष) आणि एक पोकळ रबरी बेडूक, असा तो सगळा ऐवज आहे.

ही पेटी घेऊन मी मनोरीच्या खाडीवर पाच रविवार घालवले. टेक्सास रिगवर, म्हणजे गळाचे टोक रबरी गांडुळात लपवून, तीन वेळा दोरीला स्पष्ट धक्का जाणवला आणि मी रॉड उचलला, परंतु प्रत्येक वेळी गांडूळ खाली सरकलेले आणि गळ रिकामा परत आला. प्लास्टिकच्या माशाला एकदा चांगला जिताडा लागला, त्याने एक उडी मारली आणि दोरी आमिषाच्या जेमतेम वीतभर वर सुरीने कापावी तशी कापली गेली. ड्रॉप शॉट, म्हणजे वजन दोरीच्या टोकाला आणि गळ त्याच्या वर अशी मांडणी, करून पाहिला, तर वजन तळाशी टिकेचना. हे साहित्य मुळातच आपल्या पाण्याचे नाही की माझ्या हाताचा दोष आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. खर्च बेताचाच करता येईल, आणि दर खेपेला जिवंत कोळंबी शोधत हिंडणे आता जमत नाही.

दुहेरी_गाठ (ठाणे) :

आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे निदान करणे सोपे जाईल. दोष हाताचा थोडा आहे, दोरीचा अधिक आहे.

आधी हे साहित्य कशासाठी घडले आहे ते पाहू. आपल्या हॉटेलांत जिताड्याला सी बास म्हणत असले, तरी अमेरिकेतला लार्जमाउथ बास आणि जिताडा ही दोन वेगळी कुळे आहेत. बास हा गोड्या, बहुधा संथ पाण्यातला मासा असून त्याचा जागतिक विक्रम सुमारे दहा किलोंचा आहे. जॉर्जिया राज्यात १९३२ साली झालेल्या या विक्रमाशी २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरातल्या माशाने बरोबरी केली, पण तो मोडला मात्र नाही. जिताडा त्याच्या कितीतरी पट वाढतो. तेव्हा आपल्या पेटीतले बारीक तारेचे गळ आणि दहा पौंडी दोरी ही किलो-दोन किलोच्या बाससाठी योग्यच आहेत, फक्त त्यांच्याकडून आपण नको ते काम करून घेत आहात.

आता टेक्सास रिग. निक क्रीम यांनी १९४९ मध्ये ओहायोत मऊ प्लास्टिकचे गांडूळ बाजारात आणले आणि पुढे ते गवतात व बुडालेल्या झाडांत न अडकता फिरावे म्हणून गळाचे टोक त्याच्या अंगातच लपवण्याची ही पद्धत रूढ झाली. न अडकणे हा तिचा गुण आहे आणि रिकामा गळ परत येणे ही त्याच गुणाची किंमत आहे. टोकाला आधी प्लास्टिक फाडून बाहेर यावे लागते आणि नंतर तोंडात रुतावे लागते. जिताड्याचे तोंड बासपेक्षा हाडाळ आणि कठीण असते. त्यात आपली दोरी नायलॉनची असल्यामुळे आपण दिलेल्या झटक्याचा मोठा भाग ती ताणली जाण्यातच खर्च होतो. पंचवीस मीटरवरच्या गळापर्यंत पोहोचतो तो झटका नसतो, नुसती ओढ असते.

म्हणून पहिला खर्च दोरीवर करावा. वीस ते तीस पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, घ्यावी, ती जवळजवळ ताणली जात नाही. तिच्या पुढे हातभर ते मीटरभर चाळीस पौंडी फ्लुओरोकार्बनचा किंवा जाड नायलॉनचा लीडर, म्हणजे आमिषालगतचा दोरीचा तुकडा, जोडावा. आपला मासा कापून गेला तो दातांनी नव्हे. जिताड्याचे दात कानशीसारखे बारीक खरखरीत असतात, ते दोरी घासतात, तोडत नाहीत. कापते ती त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कडा, आणि उडी मारून डोके झटकताना नेमकी तीच दोरीवर फिरते. लीडर जोडायला एफजी गाठ सर्वांत बारीक बसते आणि रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही, परंतु होडीत उभे राहून ती बांधणे म्हणजे वाऱ्यात निरांजन लावणे आहे. माझ्या नावातली दुहेरी युनी गाठ नवख्याला पुरेशी आहे. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होते.

गळ जाड तारेचे घ्यावेत. गांडुळाच्या नाकातून टोक अर्धा सेंटीमीटर आत घालून बाजूने बाहेर काढावे, गळ फिरवून त्याचे दोरी बांधायचे भोक नाकात दडवावे आणि मग टोक अंगातून पार आरपार काढून पाठीवरच्या सालीत जेमतेम टेकवावे. टोक मांसल भागात पुरून ठेवू नये. गांडूळ सरळ बसले पाहिजे, कारण वाकडे बसले तर ते ओढताना गिरक्या घेते आणि दोरीला पीळ पडतो. वजन घसरू नये म्हणून त्याच्या भोकात दात कोरायच्या काडीचा तुकडा दाबून तो मोडून टाकावा.

आणि हाताचा दोष म्हणजे घाई. जिताडा आमिष चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. धक्का जाणवताच झटका दिला तर ते उघड्या तोंडातून परत येते. दोरी जड होऊ द्यावी, रीळ फिरवून ढील काढावी आणि मगच रॉड एका बाजूला जोराने ओढावा.

उघाडीवरचा (पेण) :

वरील उत्तरात गाठी-दोऱ्यांविषयी लिहिलेले सर्व मान्य आहे, परंतु एक गोष्ट राहून गेली असे मला वाटते. खाजणकाठ यांनी पाच रविवार लिहिले, पण त्या पाच रविवारी तिथी कोणती होती आणि पाणी भरत होते की उतरत होते, याचा उल्लेख नाही. तळ्यातला बास रविवारी सापडू शकतो. खाडीतला जिताडा सुट्टी पाहून येत नाही.

आमच्याकडे अजूनही तिथीची पाऊणपट करून मुंबईच्या भरतीची वेळ काढतात. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. हे ढोबळ गणित आहे, छापील तक्त्याशी ताडून घ्यावे, पण घरबसल्या बेत आखायला पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते, तळाचा सगळा रेंदा ढवळून निघतो आणि आमिष माशाला दिसत नाही. अष्टमी ते दशमीच्या भांगाच्या दिवसांत ओढ कमी असते आणि पाणी त्यामानाने निवळते. आपला ड्रॉप शॉट वाहून गेला तो बहुधा उधाणाच्या ओढीत. ती रिग संथ, खोल पाण्यासाठी आहे, खाडीत तिचा हट्ट धरू नये.

जागा म्हणाल तर सुकतीचे शेवटचे दोन तास मी कधीही सोडत नाही. तिवरांत शिरलेले पाणी चरांमधून बाहेर पडू लागते, त्याबरोबर बोयटांची पिल्ले आणि कोळंबी नाइलाजाने मुख्य खाडीत येतात, आणि जिताडा अशा चराच्या तोंडाशी, ओढीच्या कडेला, संथ पाण्यात दबा धरून असतो. खारबंदिस्तीच्या उघाडीखालीही (पाणी सोडायच्या दाराखालीही) हेच घडते. आमिष ओढीच्या वरच्या अंगाला टाकावे आणि पाण्याबरोबर वाहत त्या तोंडासमोरून जाऊ द्यावे. ओढीविरुद्ध पोहणारी कोळंबी मी आजवर पाहिलेली नाही, जिताड्यानेही पाहिली नसावी. याच कारणासाठी मला टेक्सास रिगपेक्षा साधे जिगहेड (डोक्याशीच वजन ओतलेला गळ) आणि त्यावर चार इंची, रुंद शेपटीचा रबरी मासा अधिक भरवशाचा वाटतो. भांगाच्या दिवसांत दहा ग्रॅम, ओढ असेल तर वीस ग्रॅम. तळाला टेकले की दोरी सैल पडते ती पाहावी, दोन वेळा उचलावे आणि पुन्हा पडू द्यावे. मासा बहुतेक वेळा ते पडत असतानाच घेतो. गढूळ पाण्यात रंगापेक्षा शेपटीची थरथर महत्त्वाची आहे, तरीही रंग विचारलात तर सोनेरी किंवा अगदी काळपट घ्यावा.

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकू नये. ते २०१५ पासून अभयारण्य आहे. तिवरांत अडकलेली दोरी शक्य तितकी काढून आणावी, बगळे तिच्यात पाय अडकून मरतात.

तळ्याकाठचा (विरार) :

जिगहेडविषयी थोडा मतभेद नोंदवतो. तिवरांची मुळे आणि कालवांनी भरलेले दगड असतील तिथे उघडे टोक असलेले जिगहेड म्हणजे दर तासाला दोन-तीन आमिषांची आहुती आहे, आणि प्रश्नकर्त्यांनी खर्च बेताचा असल्याचे आधीच सांगितले आहे. मोकळ्या चिखलात जिगहेड आणि मुळांजवळ टेक्सास, अशी विभागणी मी करतो. ओठवाले प्लास्टिकचे मासे फेकून देऊ नयेत. त्यांचे तिहेरी गळ आणि कड्या मात्र बदलाव्यात, कारण बाससाठी दिलेली बारीक तार जिताड्याच्या ओढीने सरळ होते आणि खाऱ्या पाण्यात महिन्याभरात गंजते. तिहेरीऐवजी जाड एकेरी गळ लावले तर अडकणेही कमी होते आणि मासा सोडायचा झाल्यास त्याचे तोंडही फाटत नाही. अशा आमिषाला गच्च गाठ न मारता सैल फासाची गाठ मारावी, म्हणजे ते मोकळेपणाने डुलते.

रबरी बेडूक खाडीसाठी नव्हे, मरळीसाठी राखून ठेवावा. वसई-विरारकडच्या कमळवेलींनी भरलेल्या तळ्यांत पानांवरून तो उड्या मारत आणला की मरळ पान फोडून वर येते, आणि ते दृश्य एकदा पाहिले की माणूस जिताडा विसरतो, निदान मी तरी विसरलो. तळ्याच्या मालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी मात्र आधी घ्यावी. तुळशी आणि विहार ही पिण्याच्या पाण्याची तळी आहेत, तिकडे जाऊ नये.

आणखी एक, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. रबरी गांडुळे आणि प्लास्टिकचे रंगीत मासे एकाच कप्प्यात ठेवू नयेत. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या माझ्या पेटीत रबराने रंग खाल्ला आणि सगळ्याचा मिळून एक चिकट लगदा झाला. रबर त्याच्या मूळ पिशवीतच ठेवावे, आणि खाडीवरून आल्यावर रीळसकट सर्व काही गोड्या पाण्याने पुसून वाळवावे.

खाजणकाठ (बोरिवली) :

सर्वांचे मनापासून आभार. तीस पौंडी ब्रेड, चाळीस पौंडी लीडर, जाड गळ आणि वीस रुपयांपासूनची चार जिगहेडे एवढीच खरेदी केली आणि कालनिर्णय पाहून रजा टाकून नवमीला गेलो. पहिल्या चराच्या तोंडाशी काहीही नव्हते. दुसऱ्या चरापाशी जिगहेड पडत असताना दोरी जड झाली, मी मनात तीन आकडे मोजले आणि ओढले. हाताच्या कोपरापर्यंत भरेल एवढा जिताडा होता. खरे सांगायचे तर तो घरी आणला आणि आईने त्याचे कालवण केले. त्यानंतर तासाभराने मुळांपाशी टेक्सासवर तांबोशी लागली असावी. तिने एका झेपेत दोरी मुळांत नेली आणि लीडर तुटला. रीळचा ड्रॅग, म्हणजे माशाच्या ओढीने दोरी किती सहज सुटावी हे ठरवणारा अडसर, किती घट्ट ठेवावा, याचा काही हिशेब आहे का?

उघाडीवरचा (पेण) :

कालवण केलेत यात संकोच करण्यासारखे काही नाही, आम्हीही करतो. फक्त एक लक्षात असू द्यावे, की जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे फार मोठा मासा म्हणजे बहुतेक अंड्यांची मादीच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर याच माशाला ५८ सेंटीमीटरांची किमान आणि १२० सेंटीमीटरांची कमाल मर्यादा आहे. आपल्याला लागलेला कोपराएवढा मासा तिकडे परत पाण्यात सोडावा लागला असता. मी स्वतः हातभर लांबीच्या वरचा सोडतो, घरचे रागावतात.

दुहेरी_गाठ (ठाणे) :

ड्रॅगचा हिशेब सोपा आहे. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास तो ठेवतात, म्हणजे आपल्या तीस पौंडी दोरीला साडेतीन किलोंच्या आत. आपला रॉड मध्यम ताकदीचा आहे, त्याला इतका भार झेपणार नाही, म्हणून दोन किलोंवर थांबावे. दोन लिटरची पाण्याची बाटली दोरीला बांधून जमिनीवर ठेवावी आणि रॉड हळूहळू उचलावा. बाटली जमिनीवरून सुटता सुटता ड्रॅग कुरकुरत दोरी सोडू लागला पाहिजे. तांबोशीसाठी मात्र मुळांजवळ उभे असताना तो मुठीने आणखी थोडा आवळावा आणि पहिल्या तीन-चार सेकंदांत माशाला एक हातही दोरी देऊ नये. घरी परतताना ड्रॅगचा खटका पूर्ण सैल करून ठेवावा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी दोरी गचके देत सुटते.