आधी भरतीचा हिशोब करा
पणजीचं सुशोभीकरण आधी करा, त्यामुळे पर्यटक येतात आणि पावसात तुंबलेलं पाणी काय, दोन तासांत ओसरतं, हा इथल्या चर्चेतला मुद्दा मला अजिबात पटत नाही. ते ओसरतं भरती उतरल्यावर. मुसळधार पाऊस आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली, तर गटारं कितीही उपसलेली असोत, पाणी जाणार कुठे? पणजीच्या मळा भागात माझ्या मावशीकडे जून लागला की तांदळाचा डबा जमिनीवर ठेवत नाहीत. कित्येक वर्षं हेच चाललंय.

मानशीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन; तिच्या बांधाला लाकडी दारं असतात, तीच मानस; भरतीच्या दाबाने ती मिटतात, ओहोटीला आपोआप उघडतात. पणजीचा बराच भाग अशाच सखल जमिनीवर भराव घालून उभा राहिलाय. सांतिनेजच्या खाडीतला गाळ काढा, नाल्यांच्या तोंडाशी अशी दारं बसवा. दिवे आणि फरश्या त्यानंतर.