मदत हवी आहे : वाळवंटातल्या ट्रकला मॅन्युअलच ठेवू की ऑटोमॅटिक बसवू?

नमस्कार मंडळी,

गिअरबॉक्स उतरवून फरशीवर ठेवलाय आणि आठ दिवस झाले तरी निर्णय होत नाहीये, म्हणून इथे विचारतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

गाडी जुना डिझेल पिकअप, फोर बाय फोर, पाच गिअरचा मॅन्युअल, लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरची दुसरी पट्टी) आहे. पाणी, डिझेल, सुटे भाग आणि दोन माणसं धरून वजन साधारण २६०० किलो. वापर फक्त वाळवंटात: वाळूच्या टेकड्या आणि मधली कोरडी नदीपात्रं. शर्यतीत उतरायचं नाही. दोन-तीन दिवस आत जायचं आणि आपल्याच चाकांवर परत यायचं, एवढंच.

मागच्या फेरीत क्लच गेला. टेकडी फार उंच नव्हती, टायरची हवाही १८ पीएसआयवर आणली होती. हाय रेंजमध्ये तिसऱ्यावर चढ धरला. अर्ध्यात इंजिन दम टाकायला लागलं म्हणून दुसरा टाकला. क्लच दाबून सोडेपर्यंत जेमतेम सेकंद गेला असेल, पण तेवढ्यात कोणीतरी मागून गाडी धरून ठेवावी तशी ती थांबली. मग तिथूनच पुन्हा वर काढायला गेलो. हाफ क्लचवर तीन-चारदा प्रयत्न केले, जळका वास केबिनमध्ये भरला आणि शेवटी इंजिन फिरतंय पण चाक हलत नाही अशी गत झाली. सोबतच्या गाडीने दोर लावून बाहेर काढलं. घरी उघडून पाहिलं तर क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली, फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या बारीक भेगा.

नंतर कागदावर हिशेब मांडला. २० अंशांचा चढ आणि वाळूचा विरोध वजनाच्या पाचव्या भागाइतका धरला, तर चाकाचा जोर तुटल्यावर एका सेकंदात ताशी सुमारे १९ किलोमीटर वेग जातो. मी ३० वर होतो. म्हणजे गिअर बसेपर्यंत उरले ११! हा आकडा पाहिल्यापासून ऑटोमॅटिक डोक्यात बसलंय, कारण त्यात गिअर बदलताना चाकाचा जोर असा तुटत नाही. एका मित्राच्या ऑटोमॅटिक गाडीत बसून तसाच चढ चढून पाहिला, गाडी सलग वर गेली. पण उतरताना मात्र ती हाताबाहेर जातेय असं वाटलं आणि वर पोचल्यावर गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा दिवा लागला. तिथेच मन कचरलं. क्लच जळला तर मला कळतं काय झालं ते, उघडून बदलताही येतो. ऑटोमॅटिक आत बिघडलं तर वाळूत बसून मी काय करणार?

म्हणून विचारतोय: एवढ्या वजनाला तेल थंड ठेवणं खरोखर जमतं का? उतारावर इंजिनचा ब्रेक कितपत मिळतो? आणि जुन्या डिझेलला ऑटोमॅटिक जोडताना नेमकं कुठे अडतं?

प्रतिसाद १

दादा, राग मानू नका, पण तुमचा क्लच गिअरबॉक्समुळे नाही गेला, गिअर उशिरा बदलल्यामुळे गेला. टेकडीच्या तोंडावर गिअर बदलायचाच नाही. लो रेंजमध्ये दुसरा किंवा तिसरा खालीच निवडायचा, सपाटीवर वेग घ्यायचा आणि त्याच गिअरवर माथा गाठायचा. नाही गाठला तर हाफ क्लचवर झगडू नका. गाडी थांबतेय असं वाटताक्षणी क्लच पूर्ण दाबा, ब्रेक लावा, रिव्हर्स टाकून क्लच पूर्ण सोडा आणि आल्या चाकोरीतूनच सरळ खाली या. आडवी वळवू नका, उलटेल. हवा १५ वर आणून पुन्हा जा. टायर चपटा होऊन लांबीने जास्त टेकतो, तिथेच निम्मं काम होतं. त्याखाली जायचं तर वळताना जपा, टायर रिममधून निसटतो.

उतारावर लो रेंजचा पहिला गिअर आणि पाय ब्रेकपासून लांब. हे सुख मॅन्युअललाच आहे. आणि बॅटरी बसली तर ओढून गाडी चालू करता येते. मी आजवर दोनदा तसाच परत आलोय. ऑटोमॅटिकला ती सोय नाही.

प्रतिसाद २

वरचा सल्ला चालवण्याच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, पण धागाकर्त्याचा प्रश्न वेगळा आहे असं मला वाटतं. मी दोन्ही प्रकारचे ट्रक बांधले आहेत. मऊ वाळूत मी ऑटोमॅटिकच घेईन, पण तेलाची नीट सोय केली असेल तरच.

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा टॉर्क कन्व्हर्टर गाडी निघताना इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण दुप्पट करून पुढे देतो. तुम्ही हाफ क्लचवर जे करत होतात तेच तो तेलातून करतो, झीज न होता. उडी मारून गाडी खाली आपटते तेव्हा हवेत मोकळी फिरणारी चाकं एकदम अडकतात. तो हिसका मॅन्युअलमध्ये थेट दातऱ्यांवर आणि एक्सलवर जातो, कन्व्हर्टर त्यातला बराच पोटात घेतो. बाहा १००० ही वाळवंटी शर्यत १९६७ पासून चालते. तिथल्या ट्रॉफी ट्रकांत (खास शर्यतीसाठी बांधलेल्या ट्रकांत) जनरल मोटर्सच्या १९६४ मधल्या टर्बो ४०० या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकवर बेतलेले गिअरबॉक्स वर्षानुवर्षं वापरले गेले, ते यामुळेच. इंजिनची ताकद प्रचंड, म्हणून तीन गिअर पुरले.

आता तुमची भीती. कन्व्हर्टर घसरतो तितकी उष्णता तेलात जाते. तेल ८० ते ९५ अंशांत राहिलं तर निर्धास्त राहा, १२० ओलांडलं की ते झपाट्याने खराब होतं. रेडिएटरमधल्या कूलरवर विसंबू नका. वेगळा मोठा कूलर आणि त्याला स्वतःचा पंखा लावा, कारण वाळूत वेग इतका कमी असतो की समोरून वारा मिळतच नाही. तापमानाचा काटा डॅशबोर्डवर हवाच. मित्राच्या गाडीतला दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. तेल तापलं तर थांबून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि इंजिन थोडं चढवून चालू ठेवा. काही गिअरबॉक्समध्ये पार्कला कूलरकडे तेल जातच नाही. रुतल्यावर डी आणि आर असं खेळवताना चाक पूर्ण थांबल्याशिवाय लिव्हर हलवू नका, आतले क्लच तिथेच मरतात.

उतारावर लो रेंज आणि लिव्हर १ वर अडकवून ठेवला तर इंजिनचा ब्रेक मिळतो, मॅन्युअलइतका नाही. अधूनमधून ब्रेकला हलका स्पर्श लागेल.

जोडणीत अडतं ते इथे: टर्बो ४०० सारखा गिअरबॉक्स इंजिनवरचा भार व्हॅक्यूमवरून ओळखतो आणि डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) तसा व्हॅक्यूम नसतो. व्हॅक्यूम पंप आणि थ्रॉटलला जोडलेला रेग्युलेटर लागेल. शिवाय पेट्रोलसाठी जुळवलेला गिअरबॉक्स उशिरा गिअर बदलतो, तुमचं इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या आसपास संपत असेल तर गव्हर्नर (वेगानुसार गिअर कधी बदलायचा ते ठरवणारा भाग) बदलावा लागेल. हे केलं नाही तर फुल थ्रॉटलवर तो वरचा गिअर टाकणारच नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातली चूक मान्य आहे. लो रेंज मी दगडांसाठी राखून ठेवत होतो, वाळूत वापरतच नव्हतो. नव्या क्लच प्लेटवर आधी तीच टेकडी १५ पीएसआयने आणि लो रेंजच्या तिसऱ्यावर चढून बघतो. फ्लायव्हील मात्र बदलतोय, भेगा पडलेलं पुन्हा बसवायला मन होत नाही.

तरीही ऑटोमॅटिकचा विचार सोडलेला नाही. बायकोही गाडी चालवते आणि माझा डावा गुडघा दिवसभर क्लच दाबून संध्याकाळी सुजतो, हे वर लिहायचं राहिलं होतं. एक शंका उरली: तापमानाचा सेन्सर पॅनमध्ये (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या भांड्यात) बसवायचा की कूलरकडे जाणाऱ्या नळीत?

प्रतिसाद २

नळीत. कन्व्हर्टरमधून निघालेलं सगळ्यात तापलेलं तेल तिथून जातं, त्यामुळे चढावर काटा लगेच उठतो. पॅनमधलं तेल सावकाश तापतं. दोन काटे परवडत असतील तर दुसरा पॅनमध्ये घाला, आणि मी वर दिलेले आकडे त्या पॅनमधल्या काट्याचे समजा. नळीत चढावर काही क्षण त्याहून जास्त दिसेल. माथ्यावर पोचल्यावर तो खाली येतोय ना, ते बघा.