एआर-३ए चे कपॅसिटर बदलू का? की सगळंच बदलू?

तबकडीवेडा:
मंडळी, एआर-३ए या जुन्या स्पीकरची जोडी हाती लागलीय, वरून छान आहेत पण एका बॉक्सचा ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) जवळजवळ गप्प आहे, मागचा नॉब फिरवला की खरखर होते आणि मधेच एका जागी एकदम मस्त वाजतो, मग परत गायब. आता उघडणारच आहे तर सगळे कपॅसिटर भारीतले पॉलिप्रॉपिलीन, कॉइल जाड तारेच्या, वायरिंग पण नवीन असं डोक्यात आहे. सोल्डरिंग येतं. करू का?

सोल्डरबुवा:
थांब जरा. नॉब फिरवल्यावर वाजतोय म्हणजे ट्वीटर जिवंत आहे, गेलाय तो पॉट, म्हणजे नॉबमागचा आवाज कमी-जास्त करणारा रेझिस्टर. या मॉडेलचं जुनं दुखणं आहे हे, आत हिरवा गंज चढतो आणि वायपर (आतली फिरणारी पट्टी) टेकतच नाही. नुसता स्प्रे मारून चार दिवस बरं वाटतं, पॉट काढून उघड आणि घासून साफ कर. अगदीच खाल्लेला असेल तर एल-पॅड (त्याच कामाचा दुसऱ्या प्रकारचा नॉब) लाव, फक्त नॉबची चाल मूळसारखी राहत नाही. आणि ट्वीटरच्या समोरच्या बारीक तारांना धक्का लावू नकोस, त्या तुटल्या तर बसलास रडत.

जुनाखोका:
कपॅसिटरचं सांगतो. आत ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरड असतील. ६ वाला बिनधास्त फिल्म (तू म्हणतोस ते पॉलिप्रॉपिलीन) टाक. १५० वाला फिल्ममध्ये घेतलास तर अवाढव्य येतो आणि खर्चाच्या मानाने कानाला काही कळत नाही, तिथे चांगला नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) इलेक्ट्रोलिटिक पुरे. साधा पोलर लावू नको हां. मोजताना एक पाय सोडवून मोज, आणि व्हॅल्यू बरोबर दिसली म्हणून खुश होऊ नको, ईएसआर (कपॅसिटरचा स्वतःचा आतला रेझिस्टन्स) वाढलेला असू शकतो आणि साधा मीटर ते दाखवत नाही. फिल्मचा ईएसआर फारच कमी, त्यामुळे ट्वीटर चढा वाटला तर सिरीजमध्ये अर्ध्या ओहमचा रेझिस्टर टाक. बदलशील ते दोन्ही बॉक्समध्ये बदल.
कॉइलला मात्र हात लावू नको!! तिचा रेझिस्टन्स डिझाइनमध्ये धरलेला असतो, तार जाड केली की तो उतरतो आणि बासचा तोल बिघडतो. वायरिंग बदलून तर काहीच होत नाही, माझं मत.

खर्जातला:
वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) भोकातूनच आत जावं लागतं आणि भराव फायबरग्लासचा असतो, मास्क नि ग्लोव्हज घाल. सराउंड (वूफरच्या कडेची लवचिक पट्टी) कापडी आहे की फोम ते पण बघ, सुरुवातीचे कापडी होते, फोम असेल तर दाबल्यावर भुगा होतो का बघ. हा बंद बॉक्स आहे, वूफर परत लावताना गॅस्केट नवीन घाल. झाल्यावर वूफरचा कोन (हलणारा पडदा) हलकेच आत ढकलून सोड, सावकाश वर आला तर सील बरोबर, टपकन आला तर कुठूनतरी हवा गळतेय.

तबकडीवेडा:
पॉटच निघाला! बाजूला काढून ट्वीटर थेट जोडला तर ठणठणीत वाजला. घासायला घेतलाय, वायपर अर्धा खाल्लेला दिसतोय. कॉइलचा विचार सोडला. एल-पॅड किती ओहमचा घेऊ?

सोल्डरबुवा:
८ चा. आणि दोन्ही बॉक्सचे चारही पॉट उघडून बघ, बाकीचे तिघे पण त्याच वयाचे आहेत.