२०३० पर्यंत प्रत्येक मूल शाळेत: पैसा कमी पडतोय की भलतीकडे जातोय?

सत्तरीची बाई

हजेरीपटावर काही नावं मी आधी शिसपेन्सिलीने लिहायचे. तेहतीस वर्षं सरकारी प्राथमिक शाळांत शिकवलं, बरीचशी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि शेवटची काही वास्कोच्या बाजूला. तिथे बांधकामावर येणाऱ्या मजुरांची मुलं जूनमध्ये दाखल व्हायची. गणेश चतुर्थीपर्यंत बरी टिकायची, आणि काम संपलं की एखाद्या सोमवारी अख्खी रांग रिकामी. शाईचं नाव खोडलं की पट घाण दिसतो, म्हणून पेन्सिल. एक मुलगी तिसरीत होती. तिने एकदा माझ्या टेबलाशी उभं राहून पट पाहिला आणि विचारलं, "बाई, माझं पेनानं कधी लिहिणार?" त्याच दिवशी मी तिचं नाव शाईने गिरवलं. दिवाळीची सुट्टी संपली, ती आली नाही.

परवा शिक्षणावरचे युनेस्कोचे आकडे वाचताना तीच आठवली. १९९० साली थायलंडमधल्या जोमतिएनला सगळ्या देशांनी 'सर्वांसाठी शिक्षण' असं ठरवलं, मुदत २०००. ती टळली, मग डाकारला २०१५ ठरली. तीही टळली, मग दक्षिण कोरियातल्या इंचॉनला २०३०, आणि आता नुसतं प्राथमिक नव्हे तर बारा वर्षांचं मोफत शिक्षण. मधल्या काळात काम झालंच नाही असं मी म्हणणार नाही. २००० साली प्राथमिकच्या वयाची सुमारे १० कोटी मुलं शाळेबाहेर होती, २०१५ पर्यंत ती ५ कोटी ७० लाखांच्या आसपास आली. हे फार मोठं काम आहे. पण त्यानंतर गाडी रुतली. २०२४ च्या अहवालाप्रमाणे शाळेच्या सगळ्या वयोगटांतली मिळून २५ कोटी १० लाख मुलं-मुली बाहेर होती, आणि २०१५ पासूनची घट जेमतेम एक टक्का.

का रुतली? गरीब देश एका विद्यार्थ्यामागे वर्षाला सरासरी ५५ डॉलर खर्च करू शकतात, श्रीमंत देश साडेआठ हजार. गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांना स्वतःच ठरवलेली उद्दिष्टं गाठायला दर वर्षी ९७ अब्ज डॉलर कमी पडतात. अशा वेळी परदेशी मदतीतला शिक्षणाचा वाटा २०१९ मध्ये ९.३ टक्के होता तो २०२२ मध्ये ७.६ वर आला. २०२५ मध्ये अमेरिकेने हात आखडता घेतल्यावर युनिसेफने अंदाज मांडला की २०२६ अखेरपर्यंत शिक्षणाची मदत ३.२ अब्ज डॉलरने घटेल आणि आणखी ६० लाख मुलं शाळेबाहेर पडण्याचा धोका आहे.

माझं मत स्पष्ट आहे. शाळा, शिक्षक, जेवण, पुस्तक, प्रत्येक ठिकाणी शेवटी अडतं ते पैशावर. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

बाई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. निष्कर्ष पटला नाही. माझी नोकरी सरकारी लेखा विभागात गेली आणि तिथे एक गोष्ट रोज पाहिली. तरतूद वाढली की खर्च वाढतो, काम वाढेलच असं नाही.

इंडोनेशियाचं उदाहरण घ्या. २००५ मध्ये तिथे कायदा झाला आणि प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांचा मूळ पगार जवळपास दुप्पट झाला. सरकारी तिजोरीवर प्रचंड बोजा पडला. अभ्यासकांनी नीट तुलना करून पाहिलं तेव्हा मुलांच्या शिकण्यात काही फरक आढळला नाही. केनियात काही शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं दिली, तिथेही सरासरी गुण वाढले नाहीत, फक्त वर्गातल्या हुशार मुलांना फायदा झाला. कारण पुस्तकं इंग्रजीत, आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा.

आपल्या देशात, मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २७.१ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. ही सगळी मुलं पटावर आहेत, शाईने. त्यांच्यावर पैसा खर्च होतोच आहे. उलट 'प्रथम' संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवून रोज थोडा वेळ शिकवण्याची पद्धत काढली. ती चाचण्यांत खरी उतरली आणि तिला खर्च फार नाही. आधी पद्धत बदला, मग पैसे मागा.

आणि गोव्याचं म्हणाल तर ३० मे २०२५ ला, घटक राज्य दिनी, ९९.७२ टक्के साक्षरतेसह राज्य पूर्ण साक्षर जाहीर झालं. इथे तरी पैशाचा प्रश्न नाही.

डिचोलीकर

हिशेबनीस साहेब, तुम्ही इंडोनेशियाचं उत्तरकांड सांगितलं, पूर्वकांड राहिलं. १९७० च्या दशकात तेलाचे भाव चढले तेव्हा त्या देशाने आलेला पैसा प्राथमिक शाळांत घातला. १९७३ ते १९७८ या काळात ६१ हजारांवर शाळा बांधल्या. अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो यांनी पुढे त्यावर अभ्यास केला. जिथे जास्त शाळा झाल्या तिथली मुलं जास्त वर्षं शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढली. म्हणजे पैसा लागतो, आणि योग्य वेळी लावला तर फळतो.

हे मला पुस्तकातून पटलेलं नाही, घरातून पटलं. माझे वडील गोवा मुक्तीपूर्वी, पोर्तुगीजांच्या काळात, देवळाच्या सभामंडपात पंतोजींकडे बाराखडी शिकले. पंतोजींचा पगार म्हणजे घराघरातून येणारं भात आणि नारळ. पाऊस लागला की शाळा बंद, कारण पंतोजी ओढ्यापलीकडचे. १९६३ नंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, तेव्हा आमच्या वाड्यावर एका घराची ओसरी भाड्याने घेऊन शाळा सुरू झाली. माझ्या दोन्ही आत्या त्या ओसरीवर शिकल्या. थोरली आत्या आजही सांगते, पहिल्या दिवशी मास्तरांनी पाटी सरकारकडून दिली, म्हणून आजोबांनी तिला पाठवलं. पाटी विकत आणायची असती तर फक्त मुलगे गेले असते.

आता प्रश्न असा की इंडोनेशियाने तेलातून शाळा उभ्या केल्या, आमच्या खनिजातून काय उभं राहिलं? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या विक्रीतला दहा टक्के हिस्सा कायम निधीत टाकायला सांगितलं. २०१५ पासून जिल्हा खनिज निधीही आहे, आणि तो प्राधान्याने ज्या कामांवर खर्चायचा त्यांत शिक्षण आहे. डोंगर आमचा गेला, धूळ आमच्या पोरांनी खाल्ली. त्या पैशातून डिचोली, सांगे, सत्तरीतल्या शाळांना शिक्षक मिळावेत हे मागणं अवाजवी आहे का?

मेघा, मडगाव

मी पालक म्हणून लिहिते, कुणाला राग आला तरी चालेल. माझी मुलगी आमच्या वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत पहिलीला घातली होती. मी स्वतः मराठीतून शिकले, घरी मराठी बोलतो. शाळा चालत पाच मिनिटांवर. पण चारही इयत्तांना मिळून एकच शिक्षिका. पहिली-दुसरीला पाढे लिहायला सांगून त्या तिसरी-चौथीकडे वळायच्या. महिन्यात किती दिवस बैठका, किती दिवस मतदारयाद्यांचं काम! दुसरीत मी तिला अनुदानित इंग्रजी शाळेत घातलं, घराजवळून बस जाते तिकडे.

लोक म्हणतात पालकांना इंग्रजीचं वेड आहे. माझ्यापुरतं सांगते, मी भाषा सोडली नाही, मी एकट्या शिक्षिकेचा वर्ग सोडला. हिशेबनीस, तुम्ही केनियाच्या पुस्तकांचं जे लिहिलंत ते वाचून मात्र पोटात कालवलं. मुलगी वाचते छान, अर्थ विचारला की गप्प बसते.

सत्तरीची बाई

मेघाताई, राग कसला. मी त्या एकट्या शिक्षिकेच्या जागी होते. इयत्ता चार, विषय सगळे, फळा एक. खडूने फळ्याचे चार भाग करायचे. शिवाय माध्यान्ह आहाराची पावभाजी आली की मुलं मोजून सही, ती उशिरा आली की आहार बनवणाऱ्या महिला मंडळाच्या बायकांना फोन.

हिशेबनीस, 'प्रथम'ची पद्धत मी स्वतः वापरली आहे आणि ती चांगली आहे यात वाद नाही. पण पातळीप्रमाणे तीन गट केले तर गटांसमोर बसायला माणसं लागतात. मी एका गटाशी बसले की बाकीच्या दोघांचं काय? माणूस म्हणजे पगार. २०३० पर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख नवे शिक्षक लागतील, असं युनेस्को म्हणते. ते काही पद्धतीतून उगवणार नाहीत.

आणि ९९.७२ हा आकडा वाचता-लिहिता येण्याचा आहे. कुठल्या मुलाची शाळा मध्येच सुटली, ते त्यात दिसत नाही.

हिशेबनीस

मग माणसं एकत्र आणा. आठ मुलांची एक शाळा, तिच्यापासून दोन किलोमीटरवर अकरा मुलांची दुसरी. दोन्हीकडे एकेक शिक्षक. एकत्र केल्या तर एकोणीस मुलांना दोन शिक्षक, वर्ग जास्त चांगला चालेल आणि एक पैसा जास्त लागणार नाही. विलीनीकरण म्हटलं की गावात मोर्चा निघतो, पण त्याच गावातली अर्धी मुलं आधीच बसने दुसरीकडे जात असतात. मेघाताईंनी तेच केलं.

परदेशी मदतीबद्दलही माझं मत वेगळं आहे. ती दात्याच्या मर्जीने येते आणि निवडणूक झाली की जाते. स्वतःच्या कराच्या पैशावर शाळा चालवायची सवय लागली पाहिजे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सांगितला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पुन्हा तेच ६ टक्के. मधल्या पन्नासहून जास्त वर्षांत आपण ते एकदाही गाठले नाहीत. अमेरिकेला बोल लावण्याआधी हे बघा.

डिचोलीकर

सहा टक्क्यांचं शंभर टक्के मान्य. मात्र ते तुमच्या नव्हे, बाईंच्या बाजूचं आहे!

विलीनीकरणाचं म्हणाल तर जुलै महिन्यात आमच्याकडे या. दोन किलोमीटर नकाशावर असतात. जमिनीवर मध्ये ओढा, उतार आणि गव्यांची वाट. कदंब महामंडळाची सरकारी बस सकाळी एकदा. सहा वर्षांचं मूल कसं जाईल? केंद्राच्या शिक्षण हक्क नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं उगाच लिहिलेलं नाही. आधी रोजची, भरवशाची गाडी आणि तिच्यात एक बाईमाणूस द्या, मग शाळा एकत्र करा. बहुतेक ठिकाणी कुलूप आधी लागतं.

तारवटी

मी बोटीवर असतो, सध्या घरी. मोम्बासाला आमची बोट बरेचदा लागायची, म्हणून केनियावर थोडं लिहितो. २००३ मध्ये तिथल्या सरकारने प्राथमिकची फी बंद केली. काही आठवड्यांत दहा लाखांहून जास्त नवी मुलं शाळेत आली. पुढच्या वर्षी किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा गणवेश घालून पहिलीत बसले, कारण बायबल स्वतः वाचायचं होतं. त्याआधी मलावीने १९९४ ला आणि युगांडाने १९९७ ला तेच केलं होतं. म्हणजे मुलांना शाळा नको होती असं नाही, फी आडवी होती.

पण फी गेली आणि वर्ग फुटायची वेळ आली. मोम्बासाच्या गोदीतला एक ओळखीचा कामगार सांगायचा, त्याच्या मुलाच्या वर्गात ऐंशीवर मुलं, पुढचे तीन बाक सोडले तर मागे बाईंचा आवाज पोचत नाही. दार उघडायचा खर्च एकदाच असतो. आत आलेल्या मुलाला शिकवायचा खर्च दर वर्षी येतो, आणि नेमका तो भागत नाही. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार संस्थेने मांडलं होतं की ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात जिथे सरकार शिक्षणापेक्षा किंवा आरोग्यापेक्षा कर्जाच्या व्याजावर जास्त पैसा घालवतं. हिशेबनीस, अशा देशाने 'स्वतःच्या कराच्या पैशावर' म्हणजे नेमकं कशावर?

हिशेबनीस

व्याजाचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. कर्जमाफीच्या बदल्यात शाळांवर खर्च, अशी अट घातली तर मी पाठिंबा देईन.

मदत मुळीच नको असंही माझं म्हणणं नाही. आपण स्वतः १९९४ च्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाला जागतिक बँकेचं कर्ज घेतलं. पण २००४ मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर लावला आणि भार स्वतःवर घेतला. मदत अशी हवी, कधी संपणार हे सुरुवातीलाच ठरलेली. माझा विरोध आहे तो 'आणखी पैसे आले की सगळं होईल' या समजुतीला. बाईंच्या त्या मुलीचंच पाहा. शाळा होती, शिक्षिका होती, जेवण होतं. तरी ती सुटली. तिथे पैसा कुठे कमी पडला?

मेघा, मडगाव

बाई, तिचं पुढे काय झालं ते कळलं का?

सत्तरीची बाई

कळलं. म्हणून तर धागा काढला.

फेब्रुवारीत तिच्या आईचा फोन आला होता, विजापूरकडच्या गावातून. तिथली शाळा आधीच्या शाळेचा दाखला मागत होती. खरं तर शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, पण हे आईला कोण सांगणार? मी दाखला काढून शिक्का मारून पाठवला. तिसरीत होती, मराठी वाचते, बेरीज-वजाबाकी येते, असं खाली हाताने लिहिलं. प्रवेश मिळाला.

हिशेबनीस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. चौथं कलम सांगतं की अशा मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. तिला कन्नड बोलता येतं, अक्षर येत नाही. पाच-सहा महिने कुणी रोज तासभर बसलं असतं तर झालं असतं. तिथल्या बाईंशी मी फोनवर बोलले, अर्धं हिंदीत, अर्धं खुणेच्या शब्दांत. भल्या वाटल्या. म्हणाल्या, विशेष वर्गाला माणूस नाही, मानधनाचे पैसे आलेले नाहीत, म्हणून सध्या पहिलीत बसवलंय. वयाने मोठी आहे, तर लहानांना ओळीत उभं करायचं काम तिच्याकडे दिलंय.