वीस मिनिटं लवकर निघा म्हणे!

खिडकीवाली
'शिस्तप्रिय' यांनी काल लिहिलं की कामावर उशिरा पोहोचणं हा निव्वळ आळस. वीस मिनिटं लवकर निघा, प्रश्न मिटला. तिथेच उत्तर देणार होते, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

साहेब, मला तीन बस लागतात. एकेक बस दहापैकी नऊ दिवस वेळेवर धरा. पहिल्या दोन वेळेवर मिळण्याची शक्यता 81 टक्के, तिन्ही मिळण्याची 73. म्हणजे माझ्याकडून काही न चुकता जवळजवळ दर चौथ्या दिवशी लाल शेरा! त्यात मधली बस दर अर्ध्या तासाने. लवकर निघून मी बहुतेक वेळा तिच्याच थांब्यावर जास्त वेळ उभी राहते, इतकंच.

महिनाभर वहीत वेळा लिहिल्या. सरासरी 50 मिनिटं आली, पण चार दिवस 80 च्या वर. मस्टरवर सरासरीची सही चालत नाही.

शिस्तप्रिय
वही लिहायला वेळ आहे, निघायला नाही. मी 18 वर्षं मोटरसायकलने जातो. दारापासून दारापर्यंत 25 मिनिटं, एकदाही उशीर नाही आणि पेट्रोल तुमच्या तीन बसच्या पासपेक्षा स्वस्त. कारणं शोधणाऱ्याला कारणं सापडतातच.

हिशेबनीस
पेट्रोल म्हणजे खर्च नव्हे हो. टायर, ब्रेक, सर्व्हिसिंग, विमा हे कोण धरणार? गाडी विकायला काढा, मग किंमत किती उतरली तेही कळेल.

रात्रपाळी
सगळे सकाळचंच बोलताय. मी रात्री अकराला सुटते. जाताना तीन पर्याय, येताना एकच बस, आणि तिचा थांबा अंधारात. ती चुकली तर पुढे काय, हे मी नोकरी घेण्याआधी बघितलं होतं. चढ्या भाड्याच्या टॅक्सीचे महिन्यातले चार दिवस धरूनच माझं बजेट बसतं. वीस मिनिटं लवकर सुटू का? साहेब सोडतील?

डोकेबाज
अवांतर: शिस्तप्रिय, हेल्मेट घालता का?

शिस्तप्रिय
हायवेवर घालतो. गावातल्या गावात 25 मिनिटांसाठी कशाला? घाम येतो, मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

डोकेबाज
वाटलंच! माझा भाऊ घराच्या कोपऱ्यावर वळताना वाळूवरून घसरला. वेग रिक्षापेक्षा कमी. हेल्मेट होतं, आरशाला लटकवलेलं. त्याच्या डोक्याला अकरा टाके पडले, हेल्मेटला चरासुद्धा नाही. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यानुसार हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी कमी होतो, डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी.

शिस्तप्रिय
म्हणजे मरणाचे 58 टक्के उरलेच ना!

डोकेबाज
बसचे 73 टक्के पुरत नाहीत म्हणून बाईंना आळशी ठरवता आणि मरणाचा धोका 42 टक्क्यांनी कमी होतोय, तो फायदा तुम्हाला नको? धन्य आहात.

शिस्तप्रिय
भाषा सांभाळा. 18 वर्षांत एक ओरखडा नाही.

हिशेबनीस
पडेपर्यंत कुणालाच नसतो. आणि पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवणाऱ्यांनी टाळ्या वाजवू नयेत, ते आदळण्याआधीच उडतं.

घंटीवाला
डोकेबाजांनी धागा पळवला. मी निवृत्त कंडक्टर, माझंही ऐका. बस वाट बघायला लावतात आणि मग दोन एकदम येतात, यावर शिव्या आम्ही खाल्ल्या. पुढची जरा रखडली की थांब्यावर माणसं साठतात, चढायला वेळ जातो, ती आणखी रखडते. मागचीला माणसंच उरत नाहीत, ती येऊन चिकटते. आम्ही काही ठरवून जोडीने येत नव्हतो. गच्च भरलेली पहिली सोडा, मागे रिकामी दिसत असेल तर तिच्यात बसा.

खिडकीवाली
काका, एवढ्या वर्षांत हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि धागा बसचा होता याची आठवण ठेवल्याबद्दल वेगळे आभार.

रात्रपाळी
मागे रिकामी असेल तर! माझ्या बसला मागेच नसते.

शिस्तप्रिय
बरं. हेल्मेट उद्यापासून घालतो, बायकोनेही हा धागा वाचलाय. पण मूळ मुद्दा सोडत नाही. वीस पुरत नसतील तर पंचवीस मिनिटं लवकर निघा.

खिडकीवाली
मधली बस अर्ध्या तासाने आहे होऽऽ!