मटकी भिजत घाला, बाकी बघू

रोज जेवायला काय करायचं हा प्रश्न पडला की आठवड्याचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवा असं सांगतात, तो सल्ला मीही पाळून पाहिला. पहिल्याच बुधवारी भरली वांगी लिहिलेली आणि वांगी निघाली किडकी. शेवटी पिठलंच!

आता एवढंच करते : रविवारी रात्री २ वाट्या मटकी भिजत घालायची, सोमवारी सकाळी उपसून पंच्यात बांधायची. मंगळवारी मस्त मोड आलेले असतात. त्या रात्री उसळ. उरलेली बुधवारी फरसाण घातलं की मिसळ म्हणून खपते.

ज्यांच्या पिठल्यात गुठळ्या होतात, त्यांच्यासाठी : १ वाटी बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्या. पाणी सगळं मिळून ३ वाट्या. फोडणीत लसूण ठेचलेला, चिरलेला नको. एका हातानं ओतायचं, दुसऱ्यानं ढवळत राहायचं, मग झाकण ठेवून ५ मिनिटं वाफ.

"आज काय करू?" असं घरच्यांना विचारणं तर मी सोडूनच दिलंय. "काहीही कर" म्हणतात आणि ताटात दुधी दिसला की तोंडं वाकडी. परवा तोच दुधी किसून थालीपिठात घातला, लेकानं ३ खाल्ली. अजून सांगितलेलं नाही त्याला.